गरम पाण्यातल्या स्कूबासाठी वेटसूट कसा निवडायचा: सातारा-सांगलीकरांसाठी पायरी पायरीनं

गरम समुद्रात डायव्हिंग करायचंय म्हणलं की आपल्याकडची मंडळी दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर "गरम पाणी आहे, अंगाला चिकटणारा तो रबरी सूट कशाला" म्हणून टी-शर्ट आणि बरमुड्यावर उतरतात, नाहीतर ऑनलाइन जो सगळ्यात जाड आणि भारी दिसेल तो मागवतात, साईज म्हणून रोजच्या शर्टाचा एल किंवा एक्सएल टाकतात आणि मग बोटीवर दोघातिघांनी ओढून पण झिप लागत नाही. दोन्हीकडं चुकतो तो क्रम. सूट बघायच्या आधी पाणी बघायचं, मग आपलं अंग मापायचं, मग सूट, आणि सगळ्यात शेवटी खाली जाता यावं म्हणून कंबरेला बांधायच्या पट्ट्यातलं वजन. जाडीवर सगळे तासतासभर बोलतात पण माझं स्पष्ट मत असं की नीट बसलेला ३ एमएम हा ढगळ ५ एमएमपेक्षा कधीही बरा. का ते पुढं येईलच.

आधी हे ठरवा: विकत घ्यायचाय का?

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ किंवा तारकर्लीला एकदाच पंधरा-वीस मिनिटांची ओळखीची डाइव्ह मारायची असेल तर सूट विकत घेऊ नका. तिथं देतात तो घालायचा, फक्त फाटका आणि फारच ढगळ असेल तर दुसरा मागायचा, लाजायचं नाही. ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, करणार असाल किंवा वर्षातून एखादी तरी ट्रिप नक्की होणार असेल तरच स्वतःचा घ्या. वाढत्या वयाच्या पोराला घेत असाल तर अजिबात नको, पुढच्या सीझनला तो त्याच्या पोटरीपाशी येतो.

अजून एक. ज्यांना चपलेच्या रबरानं किंवा रबरी हातमोज्यांनी अंगावर पुरळ येतं त्यांनी आधी भाड्याचा सूट घालून बघावा. निओप्रीन, म्हणजे सूटचं फेसाळ रबर, बनवताना वापरलेल्या काही रसायनांची काही जणांना ॲलर्जी असते आणि ती सूट अंगावर तासभर राहिल्यावर कळते.

पायरी १: पाण्याचं तापमान, पण वरचं नाही, खालचं

पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगानं ओढून घेतं. म्हणून २८ डिग्रीच्या हवेत आपण पंखा लावून बसतो आणि २८ डिग्रीच्या पाण्यात पाऊण तास राहिलं की दात वाजायला लागतात. शरीर ३७ डिग्रीला, पाणी २८ ला, म्हणजे पूर्ण वेळ उष्णता बाहेरच चाललीय. पहिल्या दहा मिनिटांत काहीच वाटत नाही, इथंच लोक फसतात.

जिथं जायचंय तिथल्या डाइव्ह सेंटरला फोन करून किंवा मेसेज टाकून तीन गोष्टी विचारा: ज्या महिन्यात येतोय त्या महिन्यात १५-२० मीटरवर पाणी किती डिग्री असतं, एक डाइव्ह किती मिनिटांची आणि दिवसाला किती डाइव्ह. "पाणी गरम आहे ना?" असं विचारलं तर "हो सर एकदम गरम" हेच उत्तर मिळणार.

ढोबळ अंदाज म्हणून: अंदमान, लक्षद्वीप, मालदीव इथं बहुतेक महिने २७ ते ३० च्या दरम्यान. मालवण, गोवा, मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी इथं डिसेंबर-जानेवारीत थोडं कमी, एप्रिल-मेमधे चांगलंच गरम. पण उष्ण कटिबंध म्हणलं की सगळीकडं सारखंच असं नाही. बालीजवळ नुसा पेनिडाला जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास खालून थंड पाणी वर येतं आणि तिथं २० डिग्रीच्या खाली पण जातं. इजिप्तच्या लाल समुद्राचे फोटो बघून वाटतं कडक ऊन आहे, पण हिवाळ्यात तिथलं पाणी २१-२२ डिग्रीला येतं. शिवाय कुठंही खाली जाताना मधेच थंड पाण्याचा थर लागू शकतो, एका मीटरच्या फरकात एकदम गार. वर पोहताना मस्त वाटलं म्हणून खाली तसंच असेल असं धरू नका.

सावध: जून ते सप्टेंबर कोकणात डायव्हिंग बंद असतं. पावसाळ्यात सेलमधे सूट घेऊन ठेवणार असाल तर दुकानाची परत करायची मुदत आधी बघा, कारण पाण्यात घालून बघायची संधी थेट ऑक्टोबरनंतर.

पायरी २: जाडी

वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही हे डोक्यात पक्कं करा. पाणी आत येतंच. आत आलेला पातळ थर अंगाच्या उष्णतेनं गरम होतो आणि सूट त्याला तिथंच धरून ठेवतो, आणि निओप्रीनमधे जे बारीक वायूचे बुडबुडे असतात ते उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. आता गंमत अशी की खोल गेलं की हेच बुडबुडे दबतात. १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, म्हणजे दुकानात ३ एमएम दिसलेला सूट खाली ३ एमएम राहत नाही. थंडी खाली जास्त लागते त्याचं एक कारण हे पण आहे.

मी धरतो तो हिशोब:

२९-३० डिग्री आणि छोट्या डाइव्ह: लायक्राचा फुल सूट किंवा रॅशगार्ड (पोहायचा पातळ घट्ट टी-शर्ट) आणि लेगिंग, फार तर २ एमएम. लायक्रा ऊब देत नाही, ऊन, ओरखडे आणि जेलीफिशपासून वाचवतो एवढंच.

२७ ते २९: ३ एमएम फुल सूट. आपल्याकडच्या दहातल्या आठ-नऊ लोकांचं काम इथंच संपतं.

२४ ते २६: ५ एमएम, किंवा ३ एमएमच्या आत टोपी जोडलेलं बनियन. हे बनियन फार उपयोगी, दोन सूट घ्यायचा खर्च वाचवतं.

त्याच्याखाली गेलं की तो ह्या लेखाचा विषय नाही.

ह्यात आता स्वतःला बसवा. अंगानं बारीक असाल, साताऱ्याच्या थंडीत पण दोन स्वेटर घालणारे असाल, किंवा लिव्हअबोर्डवर, म्हणजे मुक्कामाच्या डायव्हिंग बोटीवर, दिवसाला तीन-चार डाइव्ह सलग पाच दिवस करणार असाल, तर एक पायरी जाड. कारण थंडी साठत जाते, पहिल्या दिवशी चाललेला सूट चौथ्या दिवशी पुरत नाही. फोटोग्राफी करणारे एका जागी तरंगत बसतात, त्यांनाही जाड. उलट अंगापिंडानं भरलेले, सतत हालचाल करणारे असाल तर एक पायरी पातळ.

"थंडी थोडी सहन करू" हा मर्दपणा इथं कामाचा नाही. वर येताना अंग गार पडलं असेल तर त्वचेकडचा रक्तपुरवठा कमी होतो, साठलेला नायट्रोजन बाहेर पडायचा वेग मंदावतो आणि बेंड्सचा, म्हणजे त्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होण्याच्या आजाराचा, धोका वाढतो. शिवाय कुडकुडणारा माणूस हवा पण जास्त ओढतो आणि डाइव्ह सगळ्यांचीच लवकर संपते.

तपासा: लेबलवर ३/२ असं लिहिलेलं असेल तर छाती-पाठीला ३ एमएम आणि हातापायाला २ एमएम. तो ३ एमएमचा सूट नव्हे, त्यातला थोडा पातळ प्रकार.

पायरी ३: प्रकार, शिवण, झिप

शॉर्टी म्हणजे अर्ध्या बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा. घालायला सोपा, पण गुडघे-कोपरं उघडी. कोकणातल्या खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात आणि प्रवाळाचा ओरखडा आठवडाभर चिघळत राहतो, त्यामुळं मी शॉर्टीच्या बाजूनं नाही. गरम वाटलं तर फुल सूटच्या गळ्यातून पाणी आत घेता येतं, पण थंडी वाजली म्हणून शॉर्टीला बाह्या फुटत नाहीत.

सर्फिंगचा सूट स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. त्याचं निओप्रीन जास्त मऊ आणि ताणणारं असतं, लाटांवर हात मारायला उत्तम, पण खोलीवर ते लवकर दबतं आणि सिलिंडर, बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं कमीजास्त करायच्या जाकिटाच्या) पट्ट्यांच्या घासण्यानं लवकर झिजतं. डायव्हिंगच्या सूटला गुडघ्यावर आणि बऱ्याचदा खांद्यावर जाड पॅड असतात, ते उगाच नसतात.

शिवण आतून उलटी करून बघा. सपाट शिवण, जिला फ्लॅटलॉक म्हणतात, ती अंगाला टोचत नाही पण सुईच्या भोकांतून थोडं पाणी येतं, गरम पाण्याला चालते. कडा आधी चिकटवून मग आरपार भोक न पाडता शिवलेली असेल ती ब्लाइंड स्टिच, ती जास्त ऊबदार आणि महाग. ३ एमएममधे त्यासाठी जादा पैसे मोजावेतच असं नाही. पण साधी ओव्हरलॉक, कापडाच्या दोन्ही कडा उभ्या राहिलेली, काखेत घासून घासून सालटं काढते, ती टाळा.

झिप मागं असेल तर एकट्याला लांब दोरीनं ओढता आली पाहिजे. झिपच्या मागं आतून निओप्रीनची पट्टी हवी, नाहीतर पाठीच्या मणक्यावरून गार पाणी सरळ आत येतं.

लेडीज कट वेगळा असतो आणि तो खरंच वेगळा असतो, नुसता गुलाबी रंग नाही. ताईंनी पैसे वाचवायला जेन्ट्स सूट घेतला की कंबरेला पिशवी आणि छातीला दाब असं दोन्ही एकदम होतं.

पायरी ४: मापं, शर्टाच्या साईजवरून नाही

टेलरकडची कापडी टेप घ्या, अंगावर फक्त अंडरवेअर किंवा स्विमिंग कॉस्च्युम ठेवा आणि माप दुसऱ्या माणसाला घ्यायला लावा. स्वतः घेतलं की हात वर जातो, पोट आत जातं, माप खोटं येतं. ह्या क्रमानं लिहून काढा:

१. उंची, भिंतीला टेकून, चप्पल काढून.
२. वजन.
३. छाती, सगळ्यात भरलेल्या जागी, नेहमीसारखा श्वास घेत.
४. कंबर, बेंबीच्या रेषेत.
५. पार्श्वभाग, सगळ्यात रुंद जागी.
६. गळा.
७. धड: खांद्याच्या मधोमध टेप धरून पुढून जांघेतून मागं नेऊन परत त्याच खांद्यावर. हे माप सगळ्यांच्या चार्टमधे नसतं, तरी काढून ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ चौथ्या मापात होतो. जीन्स ३४ ची आहे म्हणून लोक कंबर ३४ लिहितात, पण आपण जीन्स पोटाच्या खाली घालतो, बेंबीवर टेप लावली तर ३७-३८ निघतात. सूटला पोट चुकवता येत नाही. मापं इंच आणि सेंटिमीटर दोन्हीत लिहा, परदेशी ब्रँडचे चार्ट बहुतेक सेंटिमीटरमधे असतात.

आता चार्ट उघडा, आणि ज्या कंपनीचा सूट त्याच कंपनीचा चार्ट. मारेसचा लार्ज आणि क्रेसीचा लार्ज एकच असेल असं अजिबात धरू नका. आधी उंची आणि छाती जुळवा, मग कंबर. काही कंपन्या मीडियम टॉल, लार्ज शॉर्ट असे मधले साईज देतात, उंच-बारीक किंवा बुटक्या-भरलेल्या माणसानं तेच शोधावेत. दोन साईजच्या मधे आलात आणि लहान साईजमधे श्वास मोकळा येत असेल तर लहान घ्या, निओप्रीन वापरानं थोडं सैल पडतं. पण पोट फार पुढं असेल आणि कुठलाच साईज जमत नसेल तर पोटाला बसेल एवढा मोठा सूट घेऊन बाह्यांत पाणी खेळवत बसू नका, मापानं शिवून देणारे शोधा.

तपासा: पायाची लांबी घोट्यापाशी दोन बोटं जास्त असेल तर चालतं. धडाची लांबी कमी असेल तर चालत नाही. खांदे खाली ओढले जातात आणि दुसऱ्या डाइव्हपर्यंत मान भरून येते.

पायरी ५: घालून बघणं, इथं घाई नको

शक्य असेल तर पुण्या-मुंबईला दुकानात जाऊन घाला. ऑनलाइन मागवला असेल तर घरी, टॅग न काढता, पंखा लावून, अंग पूर्ण कोरडं असताना, खाली चटई टाकून. नखं आधी कापा आणि अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. निओप्रीनवर नखानं चंद्रकोर कापली जाते आणि मग परत कोण घेणार.

घालायचा क्रम असा. झिप पूर्ण उघडा, सूट कंबरेपर्यंत उलटा दुमडा. पायात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि पाय घाला, सर्रकन जातो, मग पिशवी काढून दुसऱ्या पायाला. आता वर ओढायची घाई करायची नाही. आधी घोटे जागेवर, मग पोटऱ्या, गुडघ्याचं पॅड गुडघ्यावर, मग मांड्या, आणि मग जांघेत सूट पूर्ण वर बसला पाहिजे. बोटांच्या टोकांनी चिमूट न काढता, बोटांच्या पोटांनी थोडं थोडं कापड वर सरकवत न्यायचं. लोक इथंच चुकतात, जांघेत चार बोटं मोकळी ठेवून हात घालतात आणि मग सूट लहान आहे, झिप लागत नाही म्हणून ओरडतात. सूट लहान नसतो, खाली राहिलेला असतो.

मग कंबर, मग हात, हाताला पण पिशवी. काखेत कापड पूर्ण वर गेलं की खांदे, आणि शेवटी झिप. झिप ओढताना खांदे मागं घ्या आणि दुसऱ्या हातानं झिपच्या खालचं टोक धरा. झिप दोघांनी जोर लावून बंद करावी लागली तर तो साईज तुमचा नाही, त्यावर वाद नको.

आता पंधरा मिनिटं तो अंगावर ठेवा. आरशासमोर उभं राहून नाही, हालचाल करून:

दोन्ही हात सरळ वर करा. काखेत ओढ बसते पण हात गेले पाहिजेत. मग हात मागं नेऊन सिलिंडरचा नळ शोधल्यासारखं करा.

उकिडवं बसा. जांघेत आणि गुडघ्याच्या मागं कापतंय का.

पूर्ण श्वास घ्या, थांबा, सोडा. छातीवर थोडा दाब जाणवला तर ठीक, श्वास अर्ध्यात अडत असेल तर नाही.

पाठीच्या खळग्यात, कमरेच्या जरा वर, दुसऱ्याला चिमटीत कापड धरायला सांगा. मूठभर कापड हातात आलं तर तिथं पाण्याचं तळं होणार. दर हालचालीला ते गरम झालेलं पाणी बाहेर आणि गार पाणी आत. भोक पडलेल्या बंबात पाणी तापवत बसल्यासारखं आहे ते, लाकडं कितीही घाला. ढगळ ५ एमएम का नको ते इथं कळतं. हेच काखेत, जांघेत आणि पोटाच्या खाली बघा.

मनगट आणि घोट्याला कापड सगळीकडून टेकलेलं हवं, पण पंधरा मिनिटांनी बोटं निळी किंवा बधिर झाली तर फार घट्ट.

सावध: गळ्याची कडा सगळ्यात महत्त्वाची. एक बोट सहज आत गेलं पाहिजे. गळा फार आवळला तर मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो, हृदयाचे ठोके मंदावतात, चक्कर येऊ शकते. कोरड्यात "जरा गुदमरतंय, पाण्यात सैल होईल" असं दुकानदार म्हणला तरी ऐकू नका. बाकी कुठला घट्टपणा चालेल, गळ्याचा नाही.

जुना सूट घेत असाल तर घालायच्या आधी जाड जागी चिमटीत दाबून सोडा. लगेच फुगून वर आला तर जीव आहे त्यात. दबलेलाच राहिला, किंवा ताणल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर फुकट दिला तरी नको.

पायरी ६: पाण्यात घालून वजन ठरवणं

निओप्रीन तरंगतं, म्हणून वजनाचा पट्टा. भाड्याच्या जुन्या पिचलेल्या सूटमधे तुम्हाला ४ किलो लागत असतील तर नव्या कोऱ्या ३ एमएममधे एखाद-दोन किलो जास्त लागू शकतात, ५ एमएममधे त्याहून जास्त. जुन्या लॉगबुकातला (डाइव्हच्या नोंदवहीतला) आकडा नव्या सूटला लावू नका.

वजन समुद्रातच तपासायचं, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना. सगळा सामान घालून, बीसीडी पूर्ण रिकामी करून, नेहमीएवढा श्वास रोखून स्थिर उभं राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे, श्वास सोडला की हळूहळू खाली. आता एक गोष्ट बरेच जण विसरतात: नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधली हवा वापरली की तो साधारण २ किलोनं हलका होतो. म्हणून खरी परीक्षा शेवटी, सिलिंडरमधे ५० बार दाबाची हवा उरलेली असताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबता येतं का. वर खेचले जात असाल तर पुढच्या डाइव्हला एक किलो वाढवा. आणि आधी सांगितलं तसं खाली सूट दबतो, त्याचं तरंगणं कमी होतं, त्यामुळं खोलीवर थोडी हवा बीसीडीत भरावी लागते आणि वर येताना ती सोडत यावी लागते. जाड सूटमधे ही कसरत जास्त. म्हणून पण गरज नसताना जाड घेऊ नये.

गावातल्या जलतरण तलावावर परवानगी मिळत असेल तर सूट घालून पोहून बघायला हरकत नाही, गळा आणि काखा कळतात. पण तिथलं वजन समुद्राला लावू नका. खारं पाणी अडीच टक्के जड, म्हणजे माणूस आणि सामान मिळून शंभर किलोच्या आसपास असेल तर समुद्रात साधारण अडीच किलो जास्त लागणार.

सावध: सांगलीकरांनो, सूटची ट्रायल कृष्णेत नको. भिलवडीपासून डिग्रजपर्यंत मगरी आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि काळा सूट घालून गढूळ पाण्यात तरंगणाऱ्या माणसाकडं मगर काय म्हणून बघेल ते तिलाच माहीत. साताऱ्याकडच्यांनी कोयनेच्या धरणात पण नाही.

पायरी ७: डाइव्हच्या दिवशी

बोट सुटायच्या आधीच झिप लावून बसू नका. मालवणच्या मे महिन्यातल्या उन्हात काळा निओप्रीन घालून अर्धा तास बसलं की घाम, चक्कर, मळमळ, आणि मग लोक म्हणतात बोट लागली. सूट कंबरेपर्यंतच घाला, हात मोकळे ठेवा, पाणी पीत राहा, वरचा भाग ब्रीफिंग झाल्यावर. गरम झालंच तर गळ्यातून तांब्याभर समुद्राचं पाणी आत ओता.

आतून रॅशगार्ड घातला तर सूट सहज चढतो आणि भाड्याचा असेल तर स्वच्छतेच्या दृष्टीनं पण बरं. हातमोजे अनेक मरीन पार्कमधे चालत नाहीत, कारण मोजे असले की माणूस प्रवाळाला हात लावतोच. सूटमधे लघवी होते का? होते, थंडीत शरीर ती तयारच जास्त करतं, पाणी कमी पिणं हा त्यावरचा उपाय नव्हे. फक्त नंतर सूट नीट धुवा आणि भाड्याचा असेल तर दुसऱ्याचा विचार करा.

पायरी ८: धुणं, आणणं, ठेवणं

डाइव्ह झाली की त्याच दिवशी डिझेल टाकून गाडी सातारा-सांगलीच्या दिशेनं सोडायची सवय मोडा. अंगात नायट्रोजन साठलेला असताना उंचावर गेलं की बेंड्सचा धोका असतो, म्हणून डायव्हिंगनंतर ६०० मीटरच्या वर चढायचं तर विमानात बसायचाच नियम लावतात, आधी थांबायचं: एक डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर किमान १८ तास. आंबोली ६९० मीटरवर आहे आणि सातारा ७०० च्या वर. त्या रात्री मुक्काम मालवणातच करा, सूट पण तिथंच वाळतो.

गोड्या पाण्याच्या टबात आतून बाहेरून खळबळून घ्या, झिपमधली वाळू काढा. वॉशिंग मशीन नाही, कपड्यांची पावडर नाही, गरम पाणी नाही, इस्त्री तर नाहीच. वास येत असेल तर बेबी शॅम्पूचे चार थेंब. आधी उलटा करून सावलीत वाळवा, मग सुलटा करून. उन्हात दोरीवर टाकला की निओप्रीन कडक होतं आणि बाहेरचा रंग उडतो.

ओला सूट बंद डिकीत, पॉलिथिनमधे कोंबून आणला तर कोल्हापूर येईपर्यंत गाडीत बसवत नाही. द्राक्षाचं जाळीचं प्लास्टिक क्रेट घ्या, सांगलीत कुणाकडंही पडलेलं असतं, त्यात सैल दुमडून ठेवा, हवा खेळते आणि पाणी खाली ट्रेमधे गळतं.

घरी आल्यावर जाड रुंद हँगरवर टांगायचा, तारेच्या हँगरनं खांदे कापले जातात. पत्र्याच्या खोलीत नको, माळ्यावर दुमडून नको, दुमडल्या जागी निओप्रीन कायमचं पातळ पडतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या घरात पावसाळ्याचे चार महिने काढायचे म्हणजे बुरशीची हमी, तेव्हा भिंतीपासून लांब, हवेशीर खोलीत ठेवा, आणि पावसाला उघडीप मिळाली की पंख्याखाली घ्या. झिप उघडी ठेवा आणि तिच्या दातांवर साधी मेणबत्ती घासा, तेल किंवा ग्रीस लावू नका.

ऑक्टोबरमधे पहिल्या ट्रिपच्या पंधरा दिवस आधी सूट एकदा पूर्ण घालून बघा: झिप, गळा, काखेची शिवण. छोटी चीर असेल तर निओप्रीनचं खास सोल्युशन दोन्ही कडांना लावून, कंपनीनं डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सुकू देऊन मग कडा जोडा आणि दिवसभर ठेवून द्या. पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन वाळल्यावर कडक होतं आणि पहिल्याच ताणाला शेजारून फाटतं. आणि पावसाळ्यात तुम्ही स्वतः वाढला असाल तर सूटला दोष न देता पायरी ४ ची टेप परत काढा.